गायरान ३० वर्षांसाठी सौर प्रकल्पाला द्यायचं का? पाणीयोजनेच्या थकलेल्या बिलासाठी?

माळावरून

आमच्या गावात गेल्या महिन्यात ग्रामसभा होती. पहिल्या दिवशी गणपूर्ती झाली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल तेवढी लागतात, तेवढीही जमली नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. पुढच्या आठवड्यात वीस-पंचवीस जण बसले आणि त्यांच्या साक्षीने गायरानातली २५ एकर जमीन सौर प्रकल्पाला द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव झाला. मी त्या सभेत होतो. हात वर केला नाही, पण विरोधही लिहून घ्यायला लावला नाही. ते मला अजून डाचतंय.

त्या दिवशीचा आधीचा विषय होता पाणीपुरवठ्याचं थकलेलं वीजबिल. कनेक्शन तोडल्यामुळे विहिरीवरची मोटर चार दिवस बंद होती. घरोघरी नळ आहेत, पण बायका शाळेजवळच्या हापशावर रांगेत उभ्या होत्या. त्या चर्चेची धग विझायच्या आत पुढचा विषय वाचला गेला. प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं. "मग बिलाचा प्रश्न मिटला," कुणीतरी म्हणालं, आणि विषय संपला.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतांना वीज नेणाऱ्या लाईनला, दिवसा वीज मिळावी म्हणून वीज उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारतात. मेगावॉटला चार-पाच एकर लागते. खाजगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये वार्षिक भाडं आहे, म्हणजे एकरी ५० हजार, वर ३ टक्के वाढ. सरकारी जमीन घेतली तर भाडं नाममात्र, वर्षाला १ रुपया.

आता हिशोब करा. हीच २५ एकर कुणा शेतकऱ्याची असती तर पहिल्याच वर्षी साडेबारा लाख आले असते. वाढ धरली नाही तरी ३० वर्षांचे पावणेचार कोटी होतात. गावाला मिळणार एकूण १५ लाख, तेही पहिल्या ३ वर्षांत. पुढची २७ वर्षं बिल येतच राहणार आहे. तेव्हा काय द्यायचं?

माझा सौरऊर्जेला विरोध नाही. जमीन आणि बिल हे दोन विषय एकमेकांत गुंतवून गावाकडून घाईने होकार घेतला गेला, त्याला विरोध आहे. तुमच्या गावांत काय झालं ते सांगा.

रातपाळी

तुमचं दुःख कळतं, पण तुम्ही रात्री दोन वाजता दारं धरायला गेला आहात का? आमच्याकडे गेल्या वर्षीपर्यंत आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईट रात्रीच असायची. डिसेंबरात गहू आणि कांदा एकदमच पाण्याला येतो. अंगावर घोंगडी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. पाय वाफ्यात गुडघ्याएवढे गार पडलेले. आमच्या शेजारच्या रानात एकाला पाणी मोडताना घोणस चावली. जुन्नरकडचे शेतकरी बिबट्याच्या भीतीने दिवसा लाईट मागतात, ती हौस म्हणून मागत नाहीत.

ही योजना झाली तर ते थांबतं. आमच्या फीडरवर गेल्या वर्षीपासून दिवसा आठ तास लाईट आहे. माझा मुलगा आता रात्री घरी झोपतो. यापेक्षा मोठी लोकोपयोगी गोष्ट गायरानावर कुठली होणार आहे ते मला सांगा.

खाजगी जमीन घ्या म्हणणं सोपं आहे. उपकेंद्राजवळ सलग २५ एकर एका नावावर कुठे आहे? वाटण्या होऊन होऊन दोन-दोन एकरांचे तुकडे झालेत. दहा-बारा खातेदार, त्यातले दोघे पुण्यात, एकाचा वाद कोर्टात. प्रकल्प तिथेच अडकतो. गायरान सलग असतं म्हणून काम होतं. आणि जमीन फुकट दिली म्हणून वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. भाडं लावलं तर ते दरातच येणार.

मोजणी

भूमी अभिलेखात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन मुद्दे.

गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचं असतं हा समज चुकीचा आहे. सातबाऱ्यावर जमीन शासनाची असते, गुरचरणासाठी राखून ठेवलेली. सांभाळायला ग्रामपंचायतीकडे, द्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ सांगतं की गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं नाही. सार्वजनिक प्रयोजन असेल आणि दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल, तरच. यातला दुसरा भाग कुणी वाचत नाही. "दुसरी जमीन नाही" हे कुणी तपासलं, कधी तपासलं, याचा कागद मागा. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींबद्दल जो निकाल दिला, त्यानंतर आपल्या राज्यानेही त्याच वर्षी गायरानाबाबत कडक आदेश काढले. ते अजून लागू आहेत.

दुसरं, ठराव झाला म्हणजे जमीन गेली असं नाही. पण ठराव फाईलला लागतो आणि पुढे "गावाची संमती आहे" असं त्याच कागदावरून वाचलं जातं.

वाघर

आमची मेंढरं आहेत. दिवाळीनंतर खाली कोकणाकडे उतरतो, पाऊस लागायच्या आत माघारी. वाटेतली गावं आम्हाला गायरानावरूनच पाठ आहेत. कुठे पाणी आहे, कुठे एक रात्र वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावता येते, सगळं.

गेल्या हंगामात एका माळावर पोचलो तर तारेचं कुंपण. आत काळ्या पाट्या, खाली गवत खरवडून मुरूम पसरलेला. माळ ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर जायची वाट कुंपणाच्या आत गेलेली. चार किलोमीटर डांबरी रस्त्याने फिरून जावं लागलं. तेवढ्यात एक कोकरू गाडीखाली गेलं.

माळ पडीक असतो असं सगळे लिहितात. आमच्यासाठी तो पडीक नाही. पवन्या आणि मारवेल गवत असलेल्या माळावर आमच्या मेंढरांचे आठ दिवस निघतात. पण आम्ही त्या गावचे मतदार नाही. ग्रामसभेत आमचा हात कोण धरणार?

रातपाळी

@वाघर, तुमचं म्हणणं पटलं. वाट सोडायलाच पाहिजे होती. कुंपण घालताना ओढ्याकडचा पट्टा मोकळा ठेवला असता तर प्रकल्पाचं काही अडत नव्हतं. हे मी आमच्या गावातही बोलेन.

जुना कारभारी

मी एक मुदत सरपंच होतो, म्हणून बिलाच्या बाजूने बोलतो. जमिनीबद्दल सगळे बोलतील, बिलाबद्दल कुणालाच बोलायचं नसतं.

पूर्वी पथदिव्यांचं बिल वरून भरलं जायचं. २०२१ मध्ये अनेक गावांचे पथदिवे थकबाकीसाठी तोडले गेले, आणि मग सांगण्यात आलं की पथदिवे आणि पाणीपुरवठा दोन्हींची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. आता तो निधी कसा होता ते बघा. २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे अर्धा पिण्याच्या पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. पाण्याचं बिल बंधितमधून भरलं की पाईपलाईनच्या दुरुस्तीला पैसे उरत नाहीत. पथदिव्यांचं अबंधितमधून भरलं की गटाराचं काम राहतं. गावाने आराखड्यात लिहिलेली कामं कागदावर राहतात आणि सरपंच शिव्या खातो.

त्यात जलजीवन मिशन आलं. माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ. योजना चांगली आहे, मी तिचा विरोधक नाही. पण नवी टाकी उंच, नवी मोटर मोठ्या एचपीची, आणि चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची. उभारणीला पैसे आले, चालवायला आले नाहीत. मोठ्या मोटरचं बिल पहिल्याच महिन्यात कळलं.

अशा सरपंचासमोर कुणी ५ लाखांचा चेक धरला तर तो नाही म्हणेल का? मी म्हटलं नसतं. माळावरून, तुम्ही म्हणता दोन विषय गुंतवले. अहो, ते आधीच गुंतलेले आहेत. गावाकडे उत्पन्नाचं साधन म्हणून घरपट्टी, पाणीपट्टी आणि जमीन एवढंच आहे. पहिल्या दोन वसूल होत नाहीत, म्हणून तिसरीवर नजर जाते.

आणि वसुलीचंही खरं सांगतो. मी पाणीपट्टी वाढवायचा विषय मांडला तेव्हा माझ्याच भावकीतले लोक उठून गेले. निवडणुकीच्या वर्षी तर कुणी नोटीसही काढत नाही.

माळावरून

@जुना कारभारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बिलाची बाजू मी नीट मांडली नव्हती हे खरं. पण तुम्ही जे सांगितलं त्यावरून माझा मुद्दा अजून घट्ट होतो. चालवायचा खर्च दर महिन्याचा आहे, त्याला दर महिन्याचं उत्पन्न लागतं. ३ वर्षं मिळणारे पैसे त्या खड्ड्यात घातले की चौथ्या वर्षी खड्डा तसाच, आणि जमीन कुंपणात.

तेच १५ लाख पाणीयोजनेच्या मोटरला सौर पंप बसवायला वापरले तर? दिवसा टाकी भरते, बिलाचा मोठा वाटा कायमचा कमी होतो. विहिरीजवळ तेवढी जागा आहे. ठरावात हे लिहून घेतलं असतं तर मी कदाचित गायरानातल्या दहा एकरांना हात वर केला असता. ठरावात मात्र "ग्रामविकासाच्या कामांसाठी" एवढंच आहे.

बांधकरी

कुठल्या गायरानाबद्दल बोलताय? आमच्याकडे अर्ध्या गायरानात घरं आणि शेती आहे. राज्यात गायरानावर दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं आहेत हे सरकारनेच हायकोर्टात सांगितलं होतं, २०२२ मध्ये. प्रकल्प नाही आला तर उरलेलंही पुढारी नांगरतील. कुंपण असलेलं बरं, ३० वर्षांनी जमीन तरी जागेवर सापडेल.

मोजणी

@बांधकरी, हा युक्तिवाद मी कचेरीत फार ऐकला. पण अतिक्रमण करणाऱ्यांत भूमिहीन घरंही आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो प्रकल्पाने सुटत नाही. उलट मोकळा तुकडा प्रकल्पाला गेला की त्या घरांना पर्यायी जागा द्यायलाही काही उरत नाही. ठरावाआधी अतिक्रमणाची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-इ, आणि गायरानाचा मोजणी नकाशा गावापुढे ठेवायला पाहिजे. किती जमीन कागदावर आहे आणि किती जागेवर, हे न बघता २५ एकर कुठून काढली?

रातपाळी

एक सांगतो आणि थांबतो. इथे बरेच जण "आधी हे तपासा, आधी ते तपासा" म्हणतात. बरोबर आहे. पण तपासण्यात दोन रब्बी गेल्या तर त्या दोन हंगामांतल्या रात्री आमच्यासारख्यांच्या जातात. ज्यांची शेती कॅनॉलवर आहे त्यांना हे कळणार नाही. तुम्हाला वाट, चारा, पाण्याचं बिल, सगळं मागायचं ते मागा, मी सोबत येतो. फक्त प्रकल्प अडवून ठेवू नका.

माळावरून

@रातपाळी, अडवायचा नाही. तुमच्या रात्रींचा विचार मी केला नव्हता. आमच्या वाडीची शेती खरंच कॅनॉलवर आहे.

पुढच्या ग्रामसभेसाठी लेखी विषय दिला आहे. ठराव रद्द करा असं लिहिलेलं नाही. तीन गोष्टी मागितल्यात. १-इ ची प्रत आणि मोजणी नकाशा सभेत वाचून दाखवा. ओढ्याकडची गुरांची वाट नकाशावर आखून कुंपणाबाहेर ठेवा. आणि मिळणारे पैसे आधी पाणीयोजनेच्या सौर पंपाला, हे ठरावातच लिहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पोच दिली आहे.

या वेळी सभा तहकूब होऊ नये म्हणून आम्ही चौघे दोन वाड्या वाटून घेऊन घरोघरी जातोय. काल एका म्हातारीने विचारलं, "माझ्या दोन शेळ्या कुठे चारायच्या ते पण लिहिलंय का?" ते लिहिलेलं नव्हतं. चौथा मुद्दा म्हणून आज सकाळी पुरवणी अर्ज दिला. नकाशाची प्रत हाती आली की इथे टाकतो. @मोजणी, तुम्ही तेवढा बघून द्या.

वाघर

ओढ्याकडची वाट निदान बैलगाडी जाईल एवढी रुंद मागा. अरुंद ठेवली तर कळप चेंगरतो.