'स्मोकी आय'ला मराठीत काय म्हणावं? धुरकट, काजळलेले की सुरमई?

लातूरची_लेखणी
एका बचत गटासाठी ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतेय. शिकणाऱ्या बायका औसा, निलंगा, रेणापूर या बाजूच्या. बाकीची प्रकरणं झाली, पण 'घरच्या घरी स्मोकी आय' या मथळ्याशी गाडी अडली आहे. स्मोकी आय म्हणजे पापणीवर गडद रंग लावून कडा धुरासारख्या फिकट करत नेलेला डोळ्यांचा मेकअप. मी 'धुरकट डोळे' लिहिलं. गटातल्या एका मावशींना खर्डा वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "धुरकट डोळे तर आमचे होते गं माय, ओलं सरपण फुंकून फुंकून. ते कोण मुद्दाम करून घेतंय?"
माझं म्हणणं असं की धुरकट हा रंगाचाही शब्द आहे. धुरकट आभाळ म्हणतोच की आपण. मग डोळ्यांना का नको? तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा. शिवाय 'ब्लेंड' (रंगाची कड दिसेनाशी करणं) आणि 'लॅश लाइन' (पापणीच्या केसांची ओळ) हे दोन शब्दही अडलेत.

गोदातीर
मावशींचं बरोबर आहे. धुरकट हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा खोट दाखवायलाच येतो. गोवऱ्यांवर तापवलेलं दूध धुरकट लागतं, फोडणी जळली की वरण धुरकट होतं. आणि डोळ्यांच्या बाबतीत तर त्याचा अर्थ ठरलेलाच आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात जाऊन बसा, दर दुसरं माणूस सांगतं, "डॉक्टर, धुरकट दिसायलंय." मथळा वाचून बाई औषधाची पुस्तिका समजेल. 'धूसर'चंही तेच.

शब्दनिष्ठ
मुळात 'स्मोकी'तला धूर हा रंगाचा आहे, चुलीचा नाही. संस्कृतात धूम्र हा रंगच आहे, काळसर तांबूस. तेव्हा 'धूम्रनेत्र' किंवा 'धूम्रनयन' हा सरळ, रेखीव शब्द हाताशी असताना आपण परक्या शब्दाला का शरण जातोय? दहा वेळा वापरला की रुळतो. 'दूरदर्शन' रुळलाच ना?

भवानीचा_गोंधळ
शब्दनिष्ठ सर, मी तुळजापूरचा. आमच्याकडे नवरात्रात घरोघर सप्तशतीचा पाठ होतो. सहाव्या अध्यायात धूम्रलोचन येतो, शुंभाचा सेनापती. देवी नुसत्या हुंकारानं त्याचं भस्म करते. रामायणात धूम्राक्ष आहे, तोही राक्षस, त्याला हनुमान मारतो. धूर आणि डोळे यांची संस्कृतातली जोडी ही अशी आहे. नवरीला 'धूम्रनयना' म्हटलेलं तिच्या सासूला चालेल का, विचारून बघा.

शब्दनिष्ठ
नावाचा अर्थ आणि शब्दाचा अर्थ यांत गल्लत होतेय. तरी राक्षसांची अडचण असेल तर 'कज्जलनयना' घ्या. तो काव्यात चालत आलेला आहे.

दख्खनी_बोली
अहो, एवढं लांब कशाला जाता? 'सुरमई' आहे ना. आम्ही औरंगाबादेत, म्हणजे आता संभाजीनगर, लहानपणापासून रंगाला सुरमई म्हणतो. सुरमई शालू, सुरमई संध्याकाळ. करडा, पण आत निळसर काळी झाक. स्मोकी आयमध्ये जो राखाडी-काळा रंग वापरतात तो नेमका हाच. शब्दातच डोळा आहे, कारण तो सुरम्यावरूनच आलाय.

किनारपट्टी
माहेर परभणी, सासर रत्नागिरी. इकडे 'सुरमई डोळे' म्हटलं तर लोक बाजारातला मासा ताजा आहे का तेच बघतील, डोळ्यांवरूनच पारखतात तो. तुमची पुस्तिका लातूरपुरती असेल तर ठीक.

शब्दनिष्ठ
आणि सुरमा फारसी आहे. इंग्रजी काढून फारसी घालायची, यात मराठीचं काय साधलं?

दख्खनी_बोली
हे मला पटत नाही, आणि मनापासून पटत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजोबांची शाळा उर्दूत झाली, शेताची कागदपत्रं उर्दूत होती. त्या शब्दांना परकं म्हटलं तर आमच्या घरातली अर्धी भांडीकुंडी परकी होतील. माझ्या आजीकडे सुरमेदानी होती, पितळेची, आंब्याच्या आकाराची, झाकणालाच सलाई जोडलेली. सलाई आत बुडवायची, कडेला टेकवून जास्तीचा सुरमा झाडायचा आणि मिटत्या पापणीतून एकदाच ओढायची. शेजारच्या देशपांडे आणि देशमुख घरांतल्या बायकाही ती मागून न्यायच्या. सुरमा फारसी की मराठी, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

औषधवाला
मध्येच बोलतो. काजळ आणि सुरमा एकच समजू नका. काजळ म्हणजे दिव्याची काजळी तुपात किंवा लोण्यात घोटलेली. सुरमा म्हणजे दगड खलून केलेली पूड. तो दगड पूर्वी अँटिमनीचा असायचा म्हणतात, पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात शिशाचं खनिज, गॅलेना, सापडतं. शिसं शरीरात साठत जातं, लहान मुलांना जास्त बाधतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची या जातीच्या सुरम्याला सौंदर्यप्रसाधनात परवानगी नाही. पुस्तिकेत 'सुरमई' लिहिलंत आणि कुणी खरोखरच सुट्टा सुरमा आणून चोळला तर? रंगाचं नाव आणि वस्तूचं नाव एक ठेवू नका, एवढंच सांगणं.

कंदील
सगळे नामाच्या मागे लागलेत. मराठीत क्रियापद आहे: काजळणे. वीज गेली की आई म्हणायची, "काच काजळलीय, राख घेऊन पूस." वात मोठी झाली की काचेवर काजळी धरते ती कशी? ज्योतीच्या वर मधोमध दाट काळी, मग करडी, मग नुसती झाक, आणि पुढे काच स्वच्छ. कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. स्मोकी आयमध्ये नेमकं हेच करायचं असतं. म्हणून 'काजळलेले डोळे'. धूरही आला, काजळही आलं.

गोदातीर
कंदील, हे आवडलं. पण 'दिवा काजळला' म्हणजे मंद झाला असाही अर्थ होतो. डोळे काजळले म्हणजे तेज गेलं असं कुणी वाचेल.

कंदील
वाचू देत. पूर्ण वाक्य वाचलं की कळतं. 'काजळी' शब्दाला आपण उगीच अशुभ करून ठेवलंय. अजिंठ्याच्या चित्रांतला काळा रंग दिव्याच्या काजळीचाच आहे. बाकीचे रंग माती-दगडांचे, काळा तेवढा काजळीचा. तिथल्या डोळ्यांच्या रेघा बघा, वरची कड जाड, टोकाला निमुळती. दीड हजार वर्षं आपल्याच मराठवाड्यात काजळलेले डोळे भिंतीवर आहेत.

काळंजळ
काजळ शब्द 'काळं' आणि 'जळणं' यांवरूनच आला असणार. काळं जळलेलं ते काजळ. किती सरळ आहे.

शब्दनिष्ठ
नाही. संस्कृत कज्जल, प्राकृतातही कज्जल, मराठीत काजळ. जोडाक्षरातलं एक व्यंजन गळतं आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. अज्ज–आज, हत्थ–हात, कम्म–काम. आणि दोन स्वरांमधल्या ल चा ळ. नियमात चोख बसतं, जळण्याचा इथे संबंध नाही.

काळंजळ
नियम असतील, पण आमच्या आजीला दिव्यावर भांडं पालथं घालताना बघितलंय. एरंडेलाचा दिवा, माक्याच्या रसात भिजवून वाळवलेली वात, दोन बाजूंना दोन विटा आणि वर तांब्याचं ताम्हन उपडं. हवा खेळायला बोटभर फट. सकाळी ताम्हनाला मखमलीसारखा थर. तो सुरीनं खरवडायचा, लोणी घालून बोटानं घोटायचा. तिथे जळणं आहेच ना?

नांदेडची_ताई
माझं नांदेडला पार्लर आहे, लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो. ताई, मथळा काहीही ठेवा, आतली वाक्यं नीट लिहा. मी मुलींना शिकवते ते असं:
आधी डोळे, मग चेहरा. उलटं केलं की गडद पूड गालावर सांडते आणि केलेला बेस पुसावा लागतो. पापणीवर कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) पातळ हात, त्यावर किंचित पावडर. मग मधला रंग, मातकट तपकिरी, डोळ्याच्या खोबणीत, मऊ झुपकेदार ब्रशनं पुढेमागे. मग काळी पेन्सिल पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी. ती सुकायच्या आत बोटाच्या टोकानं किंवा छोट्या ब्रशनं वर फाकवायची. सुकली की हलत नाही, हे शंभरदा सांगावं लागतं. त्यावर गडद पूड थोपटायची, घासायची नाही. मग स्वच्छ ब्रश घेऊन फक्त कडा. काळ्याची कड तपकिरीत गेली पाहिजे, तपकिरीची कातडीत. खाली त्याच रंगाची बारीक रेघ, तीही पसरलेली. आतल्या कोपऱ्यात फिकट ठिपका. मस्कारा शेवटी.
आणि 'ब्लेंड'ला मी 'विरव' म्हणते. "कड विरव गं" म्हटलं की पोरगी बरोबर करते. 'मिसळ' म्हटलं तर सगळे रंग एक करून टाकते.

लातूरची_लेखणी
'विरव' लगेच घेतला! ताई, मग 'लॅश लाइन'ला काय म्हणता? मराठीत पापणी म्हणजे झाकणही आणि केसही. "पापणीवर लावा" लिहिलं तर कुठे लावायचं?

नांदेडची_ताई
मी 'केसांची मुळं' आणि 'वरचं कातडं' म्हणते. वॉटरलाइनला 'आतली ओली कड'. बोट लावून दाखवते, म्हणून भागतं.

शब्दनिष्ठ
केसांना संस्कृतात पक्ष्म, झाकणाला वर्त्म. आयुर्वेदात हे दोन्ही वेगळे आहेत. पुस्तिकेत एकदा व्याख्या देऊन वापरा.

नांदेडची_ताई
सर, माझ्या मुली दहावीपर्यंत शिकलेल्या. वर्त्म वाचून त्या पान उलटतील. त्यांनी उघड्या पुस्तिकेसमोर आरसा धरून बसायचंय.

शब्दनिष्ठ
म्हणून त्यांना चांगला शब्द द्यायचाच नाही का? दहावी शिकलेली मुलगी 'प्रकाशसंश्लेषण' पाठ करते. तिला कमी लेखण्याचं कारण नाही.

गोदातीर
'बरौनी' हिंदी, तो नको. 'पापणीचे केस' आणि 'पापणी' एवढं पुरे की.

भवानीचा_गोंधळ
वरती कुणीतरी काजळ 'लावणं' म्हटलंय असं वाटलं. आमच्याकडे काजळ घालतात. लावतात ते कुंकू.

किनारपट्टी
परभणीला आम्ही 'काजळ भर' म्हणायचो. बाळाच्या डोळ्यांत काजळ भरायचं आणि गालाला तीट लावायची.

औषधवाला
बाळाच्या डोळ्यांत भरू नका, कुठल्याही शब्दानं. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात.

भवानीचा_गोंधळ
भरणं वेगळं. भरणं म्हणजे आतून भरपूर. घालणं म्हणजे बोटानं एक ओढ. अंजन पण घालतातच, "डोळ्यांत झणझणीत अंजन घातलं" म्हणतो, लावलं म्हणत नाही.

दख्खनी_बोली
सुरमा मात्र लावतात किंवा डालतात. सलाईनं ओढलेली रेघ असते म्हणून असेल.

कंदील
ज्ञानेश्वरीत पहिल्याच अध्यायात अंजन डोळ्यांना 'भेटतं'. घालणं नाही, लावणं नाही, भरणं नाही. भेटलं की दृष्टीला फाटा फुटतो आणि जमिनीतला महानिधी दिसतो. आपेगावचा माणूस, म्हणजे आपल्याच गोदाकाठची भाषा. त्यापुढे आपली ही तीनही क्रियापदं मला फिकी वाटतात.

शब्दनिष्ठ
पटलं. पण तिथे अंजन गुप्तधन दाखवणारं आहे, शोभेचं नाही. असलं अंजन पायाळू माणसालाच लागू पडतं म्हणतात.

भवानीचा_गोंधळ
पायाळूलाच दिसतं, असं आमच्याकडे पण म्हणतात. हा पायाळू शब्द तुमच्याकडे अजून कुणी वापरतं का? पायाकडून जन्मलेलं मूल. आमच्या गल्लीत एकजण होते, विहिरीचं पाणी बघायला त्यांना न्यायचे.

काळंजळ
बीडकडे वापरतात. कंबर भरली की पायाळूकडून लाथ मारून घेतात.

लातूरची_लेखणी
पुस्तिका सोमवारी छापायला जायचीय. आत 'कड विरवा', 'केसांच्या मुळाशी', 'आतली ओली कड' हे सगळं नांदेडच्या ताईंचं घेतलं. मथळ्यावर 'काजळलेले डोळे' लिहून मावशींना पुन्हा दाखवलं. त्या म्हणाल्या चांगलंय, पण गटातल्या त्यांच्या नातीनं लगेच विचारलं, "म्हणजे स्मोकी आयच ना?" दोन्ही छापू का?

शब्दनिष्ठ
दोन्ही छापलंत तर मराठी कुणी वाचणार नाही.

नांदेडची_ताई
छापा दोन्ही. आणि ताई, मेच्या लग्नांसाठी एक ओळ वाढवा: बेचाळीस अंशात काळी जेल पेन्सिल ओघळते, वरून त्याच रंगाची पूड दाबलीच पाहिजे.

गोदातीर
पायाळूबद्दल: आमच्याकडे पाठीत उसण भरली तरी पायाळूचा पाय लावून घेतात. उसण आणि चमक एकच का?