मदत हवी आहे: महागडी फिशिंग रिळं घरात सुरक्षित कशी ठेवावीत? (चोरीपासूनही आणि गंजापासूनही)

नमस्कार मंडळी,

राहायला पुण्यात, घर देवगडला. गळाने मासे धरायचा नाद लहानपणापासून. आधी हातातली दोरी आणि गरी, मग बांबू, आणि नोकरी लागल्यावर रॉड-रीळ. आज घरी एकूण सात रिळं आहेत. त्यातली चार साधी, ती अंगणात पडली तरी मला झोप लागेल. जीव अडकलाय तो तिघांत: एक शिमानो स्टेला (किंमत लाखाच्या घरात, बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही), एक दाइवा साल्टिगा, आणि काकांचं जुनं पेन कंपनीचं सेनेटर. काका बोटीवर होते, तिकडून आणलेलं. काळ्या बेकलाइटच्या (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) बाजू, क्रोमच्या कड्या. बाजारात त्याला फार भाव नसेल, पण माझ्यासाठी स्टेलापेक्षा मोठं तेच.

गेल्या गणपतीत माझं एक चांगलं मधल्या किमतीचं रीळ माळ्यावरून गेलं. गणपतीत आमच्या घरी पंचवीस-तीस माणसं, वर आरतीला अख्खी वाडी. कोणी नेलं ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. कोणाला विचारणार? विचारलं की झालं, पुढची दहा वर्षं तेच ऐकायचं.

आता प्रश्न:

१. छोटी तिजोरी घ्यावी का? भिंती चिऱ्याच्या आहेत.
२. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चामडी चपलेला आठवड्यात बुरशी येते. बंद पेटीत रिळांचं काय होईल?
३. गणपतीला माणसं आली की अचानक कुलपं दिसू लागली तर त्यांना वाईट वाटणार. यावर काही उपाय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खाडीकाठ

तिजोरीबद्दल आधी. आगीपासून वाचवणारी म्हणून जी जाड भिंतीची तिजोरी विकतात ती रिळांसाठी घेऊ नका. तिच्या दोन पत्र्यांच्या मध्ये जो मसाला भरलेला असतो त्यात पाण्याचा अंश असतो. आग लागली की त्याची वाफ होऊन आतली उष्णता कमी राहते, ही त्यामागची युक्ती. पण एरवी तोच ओलावा हळूहळू आत सुटतो. मी तीत एक बेटकास्टर रीळ चार महिने ठेवलं होतं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर जात्यासारखा आवाज.

साधी पत्र्याची घेतलीत तर ती बोल्टने बसवा, नाहीतर चोर तिजोरीसकटच नेईल. चिऱ्यात नुसता फास्टनर धरत नाही, भोक भुसभुशीत होतं. केमिकल अँकर (बोल्ट भोकात चिकटवून धरणारं रसायन) वापरा किंवा खाली काँक्रीटचा कोबा असेल तर जमिनीला बसवा.

---

ओहोटी_भरती

चोर चार वर्षांतून एकदा येईल, मीठ रोज येतं. त्यामुळे माझं उत्तर फक्त दुसऱ्या प्रश्नाला.

समुद्रावरून आल्यावर ड्रॅग (मासा ओढू लागला की दोर किती जोराने सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) घट्ट करा, मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा. नळीचा जोरदार फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसा, पंख्याखाली ठेवा, निदान एक पूर्ण दिवस. वेणीची दोर (ब्रेड) असेल तर ती मीठ धरून ठेवते, तेव्हा स्पूल (दोर गुंडाळलेला भाग) काढून वेगळं धुवा. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. घट्ट ठेवलात तर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी मासा लागला की दोर झटके देत सुटते.

मग हवाबंद झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, आत सिलिका जेल. निळ्या दाण्यांचं घ्या, गुलाबी झालं की ओलावा भरला असं समजा, मंद आचेवर परत सुकवा (कढई स्वयंपाकाची नको, जुनी वेगळी ठेवा). डब्यात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका. चाळीस ते पन्नास टक्के दिसलं की निर्धास्त. ओलं रीळ हवाबंद डब्यात टाकणं मात्र उघड्यावर ठेवण्याहून वाईट.

रिळाबरोबर येणारी मऊ कापडी पिशवी प्रवासापुरती. त्यात महिनोन्महिने ठेवू नका. आणि डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

---

जिताडाप्रेमी

सात रिळं! आमच्याकडे एकच आहे आणि तेही मेहुण्याचं. देवगडला तांबोशी लागते का हो अजून खाडीत? (अवांतराबद्दल क्षमस्व.)

---

खाडीकाठ

@जिताडाप्रेमी लागते, पण जागा इथे कोणी सांगणार नाही. :)

---

पुणेरी_गळ

कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवायला विजेवर चालणारं कोरडं कपाट मिळतं ते बघितलंत का? मी पुण्यात तेच वापरतो. दार काचेचं असल्यामुळे चोरीसाठी निरुपयोगी, शिवाय माल दुकानात मांडल्यासारखा दिसतो. पण ओलाव्याला उत्तम.

दुसरं, आजच करायचं काम: प्रत्येक रिळाचे फोटो काढा. रॉडला बसणाऱ्या पायाखाली किंवा अंगावर क्रमांक असेल तर तो स्पष्ट दिसला पाहिजे. काकांच्या सेनेटरवर असा क्रमांक नसेल तर त्याचे ओरखडे, झिजलेली कडी, हँडलचा डाग टिपा. कोरून नाव घालू नका, जुन्या वस्तूची किंमत जाते. बिलं सापडली तर तीही फोटोत. उद्या तक्रार द्यायची वेळ आली तर "काळ्या रंगाचं रीळ" एवढ्यावर कोणी काही शोधत नाही.

घराचा विमा असेल तर घरफोडीच्या कलमाचे शब्द नीट वाचा. बहुतेक ठिकाणी कुलूप किंवा दार तोडल्याची खूण लागते. आरतीला आलेला माणूस हातात घेऊन गेला, हे त्यात बसणं कठीण.

---

ओहोटी_भरती

एक स्वस्त युक्ती राहिली. स्पूल एका ठिकाणी, रिळाचं अंग दुसऱ्या ठिकाणी. स्टेलाचं नुसतं स्पूल किंवा नुसतं अंग कोणाच्या कामाचं नाही. स्क्रूचं हँडल असेल तर तेही काढा, डब्यात जागा कमी लागते. रॉड खुशाल भिंतीवर टांगा, पाहुण्यांचं समाधान तिथेच होतं.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. तिजोरीचा बेत रद्द. काल आईशी फोनवर बोललो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने अर्ध्या मिनिटात दिलं: "माझ्या कपाटाक कुलूप आसाच, तेचा कोणाक कायएक वाटणा नाय. थंय ठेव."

खरंच की! तिचं लोखंडी कपाट माजघरात, चावी कायम कनवटीला, आणि गेल्या चाळीस वर्षांत पाहुण्यांपैकी कोणी त्याचं वाईट मानलेलं नाही. तर ठरलं असं: तिन्ही रिळांना तीन हवाबंद डबे, सिलिका जेल, आणि ते आईच्या साड्यांमागे. स्पूलं माझ्याबरोबर पुण्याला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंदच असतात, पुढेही नारळी पौर्णिमेपर्यंत मी काही जात नाही, म्हणजे सर्वांत दमट दिवसांत डबे उघडायची गरजच नाही. चार साधी रिळं माळ्यावर, आधीसारखीच.

फक्त तिची एक अट आहे. "माशाचो वास इलो तर भायर टाकतलंय." सेनेटरच्या बाजूच्या फटीत जुनं ग्रीस घट्ट बसलंय आणि त्याला वास आहे हे कबूल. बेकलाइटला धक्का न लावता ते कशाने काढावं? रॉकेल चालेल का?

---

खाडीकाठ

बेकलाइटवर रॉकेल ओतू नका. बाजू उघडा, धातूचे भाग तेवढे वेगळे काढून रॉकेलमध्ये बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. काळ्या बाजू कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने, लगेच पुसून. उघडताना पायरीपायरीने फोटो काढा, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. जोडताना अडलात तर फोटो इथेच टाका, रात्री नऊनंतर मी असतो.