सागाचे कुल कोणते लिहावे? रंगारी सोमवारी येणार आहे

खानापूरकर: शाळेतील झाडांना नावांच्या पाट्या लावायच्या आहेत. जुन्या पुस्तकात सागाचे एक कुल (म्हणजे जवळच्या नात्यातील वनस्पतींचा गट) दिले आहे, तर नव्यात दुसरेच. बरोबर कोणते, ते कृपया एका ओळीत सांगावे. पाट्या दोनदा रंगवून घेण्याइतके पैसे नाहीत.

रानवाटा: कोणती झाडे, कोणती पुस्तके, हे कळल्याशिवाय एका ओळीत काय सांगणार?

खानापूरकर: शीर्षकात साग लिहिले आहे. जुने पुस्तक त्याला व्हर्बिनेसीत ठेवते आणि नवे तुळशीच्या लॅमिएसीत. हे आठवीच्या मुलांना कसे पटवावे?

निपाणीचे मास्तर: व्हर्बिनेसीच लिहा. बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात मांडलेली पद्धत फूल भिंगाखाली धरून वापरता येते, आणि आपल्याकडील वाळवलेल्या नमुन्यांचे अनेक वनस्पतिसंग्रह आजही तिच्याच क्रमाने लावलेले आहेत.

रानवाटा: सर, कपाट कसे लावावे आणि नाते कोणाशी आहे, हे प्रश्न वेगळे आहेत. डीएनएच्या आधारे केलेले एपीजी (सपुष्प वनस्पतींची नाती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाचे) वर्गीकरण 1998 साली आले, त्याची चौथी आवृत्ती 2016 ची आहे, आणि तिच्यात साग व निर्गुडी दोन्ही लॅमिएसीत आहेत. मुलांना सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहू द्या. ती तुळशीसारखीच चौकोनी लागते आणि पानेही समोरासमोर असतात.

निपाणीचे मास्तर: चौकोनी फांदी घाणेरीलाही असते, तरीही ती व्हर्बिनेसीतच राहिली आहे!

रानवाटा: म्हणूनच केवळ बाह्य लक्षणांवर थांबता येत नाही.

अथणीचा शेतकरी: बाभळीची पाटी असेल तर अकेशिया हे जुने शास्त्रीय नाव लिहू नका. तो गट फोडल्यावर ते नाव 2005 साली व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र अधिवेशनात ऑस्ट्रेलियाकडच्या जातींसाठी राखले गेले, 2011 साली मेलबर्नला तेच कायम झाले, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. नाव कोणाकडे राहावे, हा वाद आपल्या भागाला नवा नाही म्हणा.

जीवसृष्टी: व्हिटेकर यांनी 1969 साली सजीवांचे जे पाच मोठे गट, म्हणजे सृष्टी, केले त्यांनुसार प्रत्येक पाटीवर सृष्टीही लिहावी, असे सुचवतो.

रानवाटा: पाट्या केवळ झाडांच्या आहेत, भूछत्रांच्या नाहीत; सगळ्यांवर एकच सृष्टी येईल.

खानापूरकर: टेक्टोना ग्रँडिस, लॅमिएसी, असे रंगाऱ्याला कळवले. पाटीवर मराठी आणि कन्नड दोन्ही नावे असल्याने जागा थोडीच उरते, हे सांगायचे राहिले. आता चिंचेचे सांगा.

निपाणीचे मास्तर: लेग्युमिनोसी.

रानवाटा: फॅबेसी. दोन्ही नावे एकाच कुलाची असून नामकरणाच्या नियमांना दोन्ही मान्य आहेत. जागा कमी असेल तर फॅबेसी लिहा.