गॅजेटच्या बातम्या वाचायच्या तरी कुठे? मदत हवी आहे

मंडळी, नवा फोन आला की त्याचं परीक्षण वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण हल्ली बऱ्याच साइटवर कंपनीचं पत्रकच थोडं फिरवून छापलेलं असतं. १९९७ पासून चिपची चिरफाड करणारी आनंदटेक ही साइट ऑगस्ट २०२४ मध्ये थांबली, तेव्हापासून अगदी पोरकं वाटतंय. फोनसाठी जीएसएमअरिना आहे, लॅपटॉपसाठी नोटबुकचेक बघतो. पण प्रोसेसर असा का वागतो, हे नीट समजावून सांगणारं कोण उरलंय?

काल एक लेख उघडला. आधी कुकीची खिडकी, मग नोटिफिकेशनची परवानगी, मग आपोआप सुरू झालेला व्हिडिओ. आणि बॅटरीबद्दल वाक्य एकच: 'दिवसभर सहज पुरते.' अहो, कोणाचा दिवस? स्क्रीन किती तास चालू होती, ब्राइटनेस किती?

तर स्वतः मोजून आकडे देणाऱ्या, शक्यतो आरएसएस फीड (साइटवरचे नवे लेख आपोआप ॲपमध्ये आणून देणारी सोय) असलेल्या साइट सुचवा. (फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्येच बंद झालं, माझी सवय काही सुटली नाही.) फीड वाचायला तुम्ही कोणतं ॲप वापरता तेही सांगा. यूट्यूबच्या लिंका मात्र नकोत, मला वाचायचंय.