समुपदेशकाच्या मानधनाला पैसे कोण देतं?

सल्लाकेंद्रवाली ताई, धाराशिव जिल्हा
तालुक्याच्या गावी आमचं महिला सल्ला केंद्र आहे. भाड्याच्या दोन खोल्या, मी धरून दोघी समुपदेशक, एक अर्धवेळ वकीलताई. मारहाण सोसून आलेल्या बाईबरोबर पोलीस ठाणं, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, कोर्ट, सगळीकडे जातो. एकेका प्रकरणात वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

पूर्वी मुंबईची एक संस्था तिच्या परदेशी निधीतून आम्हाला वाटा द्यायची. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याच्या २०२०च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली आणि ते दारच बंद झालं. तेव्हापासून ओढाताण, आणि मार्चपासून तिघींचं मानधन थकलंय. सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे देणारे कंपनीवाले म्हणतात, शिलाई मशीन देतो, वाटपाचे फोटो पाठवा. पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, त्याला पाच टक्क्यांची मर्यादा. परवा रात्री नऊला एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली. तिला जवळ बसून तक्रार लिहून घेणारं माणूस हवं होतं. हे त्यांना कसं पटवू?

हिशेब बघणारा, सोलापूर
ताई, ते पाच टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनासाठी आहेत. प्रकल्प राबवायचा थेट खर्च त्यात धरत नाहीत, २०२१च्या नियमांतच तसं आहे. प्रस्तावात नुसतं ‘पगार’ लिहू नका. समुपदेशन, कोर्टात सोबत, गावभेटी असं काम मांडा आणि त्याखाली माणसं दाखवा. सीएसआर-१, म्हणजे कंपन्यांचा हा निधी घ्यायला लागणारी नोंदणी, आहे ना? त्याला आयकराच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट) या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम लागतं.

वर्ध्याची कार्यकर्ती
आमचं भाडं गावातल्या शिक्षिका भरतात, महिन्याला शंभर-शंभर रुपये. पैसे बँकेतूनच घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट नाही. नव्या करप्रणालीत तर ती सूटच नाही, म्हणून पावतीचं आमिष दाखवू नका, काम दाखवा. १०बीडी, म्हणजे वर्षभराच्या देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरण, ३१ मेच्या आत भरा, उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये भरावे लागतात.

सल्लाकेंद्रवाली ताई
सीएसआर-१ आहे. पाच टक्क्यांचं आम्ही उगाच ऐकून घेत होतो. प्रस्ताव नव्याने लिहिते, शिक्षिकांकडेही जाते. त्या बाईची तारीख गुरुवारी आहे. वकीलताई येतायत, एसटीचं भाडं स्वतःच्या पदरचं घालून.