अकरा महिन्यांनंतर भाडेकरूने कुठे जायचे?

(वाचकांची चर्चा, टोपणनावांनी : उंबरठा आणि तिसरा मजला हे भाड्याने राहणारे, गच्ची हे घरमालक.)

उंबरठा : लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अकरा महिन्यांच्या परवाना-कराराची, मुदत संपली की घर सोडायचे, यात अन्याय कसला, असे एका घरमालकांनी काल येथे लिहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरूला काढण्यासाठी भाड्याची थकबाकी किंवा कलम 16 मधील एखादे कारण सिद्ध करावे लागते; असा करार करून राहणाऱ्या परवानाधारकाला मात्र कलम 24 खाली केवळ मुदत संपली म्हणून बाहेर काढता येते, आणि तो थांबलाच तर दुप्पट शुल्क भरपाई म्हणून लागते. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर असताना "मालक रिन्यू करणार नाहीत" एवढाच निरोप एजंटाने फोनवर दिला. भाडे एकदाही थकले नव्हते. नूतनीकरण नाकारताना लेखी कारण आणि तीन महिन्यांची नोटीस बंधनकारक व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

गच्ची : जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारी रोजी ताबा असलेले परवानाधारक भाडेकरू ठरले, हे आपण विसरता. आजोबांनी विश्वासाने दिलेल्या दोन खोल्या आम्हाला परत मिळाल्या नाहीत. संरक्षणाचे नाव निघताच मालक घर रिकामे ठेवणे पसंत करतो, ते या अनुभवामुळे.

तिसरा मजला : खरा जाच डिपॉझिटचा आहे. खिळ्यांच्या चार भोकांसाठी माझ्याकडून संपूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापले गेले आणि पावती मागितली तेव्हा फोन उचलणेच बंद झाले. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. ती इथे आधी लागू करा.

गच्ची : आमच्याकडचे गृहस्थ विजेचे बिल थकवून, बेसिन फोडून गेले. दोन महिन्यांचे डिपॉझिट त्यात कुठे पुरणार? मालक म्हणजे लुटारू, हा सूर आधी थांबवा.

तिसरा मजला : लुटारू हा शब्द तुमचा आहे. नुकसानीचे पैसे जरूर घ्या, पण घर देताना आणि घेताना दोघांच्या सहीची यादी करा. यादी टाळतो कोण, याचे उत्तर द्या.

गच्ची : यादी मान्य आहे.

उंबरठा : त्याच आदर्श कायद्यात, मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे आहे. तेव्हा 1973 ची भीती दाखवून माझी नोटीस अडवू नका. मी ताबा मागत नाही, दुसरे घर शोधायला वेळ मागते आहे.

गच्ची : तीन महिन्यांची नोटीस एक वेळ देईन. माझ्याच घराबाबत कारण मात्र कोणालाही लिहून देणार नाही.

उंबरठा : कारण लिहिले नाही, तर गळकी मोरी दुरुस्त करा म्हटल्याबद्दल काढले की खरोखर घराची गरज होती, हे कोणत्या अधिकाऱ्याला कसे कळणार?