अनुभव धागा: फ्रीज कसा लावता? (कोकणातल्या घरांसाठी खास)

पाऊस तोंडावर आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणून फ्रीजर आधीच भरायची घाई. त्यात आंब्याची शेवटची पेटी, फणसाचे गरे, खोवलेलं खोबरं आणि वर लाईटचा लपंडाव. फ्रीजमध्ये काय कुठे ठेवता, काय खराब होतं आणि का, तेवढं नेमकं लिहा. "पूर्वी फ्रीज नव्हते तरी चालायचं" हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको.

रत्नागिरी
सुरुवात थर्मामीटरपासून. नॉबवरचा 3 म्हणजे 3 अंश नव्हे. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. 4 अंशांच्या आसपास हवं. 5च्या वर असेल तर नॉब एक घर पुढे. फ्रीजरला उणे 18.
मग कुठे काय ते. एकदारी फ्रीजमध्ये सर्वांत गार जागा फ्रीजरच्या लगेच खाली, चिलर ट्रेमध्ये. दार सर्वांत उबदार. त्यामुळे दुधाची पिशवी दारात ठेवू नये. दारात लोणचं, सॉस, सरबताच्या बाटल्या. मीठ घातलेल्या कोकम आगळाला तर फ्रीज लागतच नाही, उगाच जागा अडवतो.

मालवण
मासळीबद्दल. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) यांना बाजारातून घरी येईपर्यंतही बर्फ हवा. हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते, अंग लाल होतं. वास नीट असला म्हणून मासा नीट असतोच असं नाही.
घरी आल्यावर पोट आणि कल्ले काढा, धुवा आणि फडक्याने कोरडा करा. आमच्याकडे सांगतात, "बांगडो ओलो ठेवलास तर वास मारतलो," ते खरंच आहे. डब्यात खाली जाळी ठेवून वर मासे रचा, म्हणजे सुटलेल्या पाण्यात ते बसत नाहीत. असे ठेवलेले मासे दुसऱ्या दिवशी संपवायचे.
फ्रीजरसाठी एका जेवणापुरती पाकिटं करायची. चपटी, हवा काढून, वर तारीख. तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत संपवा, त्यापुढे खवट होतात. त्यांना मीठ लावून गोठवू नका, मिठाने खवटपणा लवकर येतो. आगळ तर मुळीच नको, मांस भुसभुशीत होतं. हळद चालेल. कोळंबी डब्यात पाण्यात बुडवून गोठवा, मग ती कडेने सुकून पांढरी पडत नाही. ओले बोंबील गोठवायच्या भानगडीत पडू नका, मुळात पाणीच फार, बर्फ सुटल्यावर लगदा होतो.
तिसऱ्या (शिंपल्या) जिवंत असतात. हवाबंद डबा नको, गोडं पाणीही नको. ओल्या फडक्याखाली उघड्या भांड्यात ठेवा. शिजवण्याआधी टिचकी मारून मिटत नाहीत त्या टाकून द्या.

अलिबाग
मालवणच्या दादांना एक पुरवणी. एकदारी फ्रीजमध्ये मासे चिलर ट्रेमध्ये ठेवले तर डबा घट्ट झाकणाचाच हवा, नाहीतर पाणी खालच्या फळीवरच्या आमटीत ठिबकतं. दोनदारी फ्रीजमध्ये सरळ सगळ्यांत खालची काचेची फळी मासळीला द्या.
उरलंसुरलं वाया जातं ते दिसत नाही म्हणून. नजरेच्या उंचीवर एक उथळ ट्रे ठेवा, त्यात फक्त "आधी संपवा". स्टीलच्या डब्यांवर मास्किंग टेप लावून पदार्थ आणि तारीख लिहा. पेन दाराजवळच दोरीला बांधलेलं असेल तरच हे टिकतं.
भात टोपात गार होऊ देऊ नका. परातीत पसरा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. भातातल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही.

गुहागर
खोवलेलं खोबरं साध्या फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. बोटाला बुळबुळीत लागलं की गेलं. फ्रीजरमध्ये पिशवीत पसरून लाटण्याने बोटभर जाडीचं करा, हवं तेवढं तुकडा मोडून घेता येतं. डब्यात गच्च भरलेलं खोबरं म्हणजे दगड, अख्खा डबा बाहेर काढावा लागतो आणि उरलेलं पुन्हा आत जातं, तिथेच बिघडतं.
फ्रीजमधल्या सोलकढीवर पांढरे कण, गोळे दिसले म्हणून लोक ओतून देतात. खोबऱ्याचं तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, ते कण म्हणजे तेच. थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळा. आंबूस वास किंवा फेस असेल तरच टाका.
भाजलेलं वाटण आईस ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत काढून ठेवते.

दापोली
ट्रे झाकणाचा घ्या ताई. नाहीतर महिनाभर सरबताला कांद्याचा वास.

देवगड
कच्चा हापूस फ्रीजमध्ये ठेवू नका. साधारण 12-13 अंशांखाली त्याला थंडीची इजा होते. सालीवर करडे डाग पडतात, नंतर बाहेर काढला तरी नीट पिकत नाही, चव पाणचट. अढीत पूर्ण पिकू द्या, मग फ्रीजमध्ये चार-पाच दिवस निघतात. पण कोथिंबीर, काकडीच्या खणात नकोत. पिकलेल्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, पालेभाजी पिवळी पडते.
रस गोठवायचा तर पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या. मोठा डबा केलात की तो सुटायला वेळ लागतो आणि कडेचा रस तोवर आंबायला लागतो.

चिपळूण
लाईट गेल्यावर पहिलं काम: दार न उघडणं. बंद फ्रीज सुमारे 4 तास धरतो. गच्च भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, वर चार बोटं जागा सोडून.
घराबाहेर असताना लाईट किती वेळ गेली हे कळायला वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मासे सुटून पुन्हा गोठलेत. ते टाकायचे, वास घेत बसायचं नाही.
लाईट आल्या आल्या झटके बसतात, त्यामुळे उशिरा चालू होणारा स्टॅबिलायझर घ्या. कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं थांबू द्यावं.

श्रीवर्धन
यंत्राकडेही बघा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, ओढल्यावर सहज निघाली तर रबर सैल. कोमट साबणपाण्याने पुसा, तरी निघत असेल तर बदला. भाजीच्या खणात पाणी साचतंय? मागच्या भिंतीवरचं पाणी जायचं भोक तुंबलंय, कापसाच्या काडीने मोकळं करा. फ्रीजरमध्ये अर्ध्या सेंटीमीटरवर बर्फ चढला की बंद करून वितळवा, सुरी घालू नका. समुद्रालगतच्या घरांत मागची जाळी खाऱ्या हवेने गंजते, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा आणि कोरड्या ब्रशने झाडा.

वेंगुर्ला
सोडे (सुकवलेली कोळंबी), सुकट, मालवणी मसाला, काजू पावसाळ्यात फ्रीजमध्ये जातात, ते बरोबर. पण मोठी बरणी रोज काढलीत तर गार मसाल्यावर हवेतली दमट वाफ बसते आणि आठवड्यात गुठळ्या. आठवड्यापुरतं छोट्या बाटलीत बाहेर ठेवा. मोठी बरणी काढाल तेव्हा खोलीच्या उबेला येईपर्यंत झाकण उघडू नका.
पावसात भाजी ओलीच येते. तासभर पंख्याखाली पसरून मग सुती फडक्यात. फडकं ओलं झालं की बदला. धुवून ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडणारच.

रत्नागिरी
फणसाचं कोणी लिहिलं नाही. कापा फणस (घट्ट गऱ्यांचा) असेल तर आठळ्या (बिया) काढून गरे ताटात सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) गोठवून चिकट लगदा होतो, त्याचा रस काढूनच ठेवा, सांदणांना उपयोगी. आठळ्या फ्रीजमध्ये ओल्या ठेवल्या तर बुरशी येते. त्या वाळवून कोरड्या वाळूत.